विश्लेषण : समुद्रात ओतलेली वाळू ‘जमीन’ कधी होते?

वाढवण बंदरासाठी १,४४८ हेक्टर जमीन समुद्रात भराव टाकून तयार करायची आहे. भराव किती झाला याचे आकडे सगळ्यांना कळतील. तो किती घट्ट झाला, हेही सगळ्यांना कळायला हवे.

प्रकरण काय?

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ होणाऱ्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये आहे. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा त्यात ७४ टक्के, तर महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा आहे. बंदरात प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल असतील.

हे सगळे ज्या जमिनीवर उभे राहायचे, ती जमीन आज अस्तित्वातच नाही. समुद्रात भराव टाकून ती तयार करायची आहे. त्यासाठी दमणच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रतळातून सुमारे २० कोटी घनमीटर वाळू उपसून आणण्याचे नियोजन आहे. १,४४८ हेक्टरवर ही वाळू सारखी पसरली, तर थराची सरासरी जाडी सुमारे १४ मीटर भरते. म्हणजे चार मजली इमारत बुडेल एवढी वाळू.

बंदर हवे की नको, मासेमारीचे काय होणार, किनाऱ्याची धूप वाढेल का, हे प्रश्न स्थानिक मच्छीमार अनेक वर्षे विचारत आहेत आणि त्यांचे महत्त्व कमी होत नाही. पण काम पुढे सरकत असताना एक प्रश्न समर्थक आणि विरोधक दोघांच्याही चर्चेत फारसा येत नाही. ओतलेली वाळू बांधकामाचे ओझे पेलण्याइतकी घट्ट झाली, हे कोण आणि कसे ठरवणार?

नुसती वाळू टाकून का भागत नाही?

घरात डब्यात तांदूळ भरताना डबा काठोकाठ भरला, की तो दोन-चार वेळा जमिनीवर ठोकतात. तांदूळ खाली बसतो आणि आणखी मूठ-दोन मुठी त्यात मावतात. दाण्यांमधल्या पोकळ्या कमी झाल्या, एवढेच घडलेले असते.

पाण्यातून पाइपाने सोडलेली वाळूही अशीच सैल बसते. तिचे कण एकमेकांवर कसेबसे टेकलेले असतात आणि मधल्या पोकळ्यांत पाणी असते. वरून पाहिले तर सपाट, कोरडी, चालण्याजोगी जमीन दिसते. रोलर फिरवला तर वरचा थोडा थर घट्ट होतो. रोलरचा जोर मीटरभरापेक्षा फारसा खाली पोहोचत नाही, त्यामुळे त्याखालची बारा-तेरा मीटर वाळू तशीच सैल राहते.

अशा जमिनीवर कंटेनरच्या थप्प्या, अवजड क्रेन, रस्ते आणि रेल्वेमार्ग आले, की ती खचते. सगळीकडे सारखी खचली तर निभावून नेता येते. पण एका ठिकाणी पाच आणि शेजारी वीस सेंटीमीटर खचली, तर क्रेनचे रूळ वाकतात, जलवाहिन्या फुटतात आणि इमारतींना तडे जातात.

भूकंपात वाळू पातळ कशी होते?

खचण्यापेक्षा मोठा धोका भूकंपाचा आहे. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर एकाच जागी पाय आपटत राहिले, तर थोड्या वेळाने पायाखाली पाणी वर येते आणि वाळू डळमळू लागते. किनाऱ्यावर खेळलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेले असते.

भूकंपात हेच प्रचंड प्रमाणात घडते. हादऱ्यांमुळे सैल कण जवळ येऊ पाहतात. मधल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, त्यामुळे त्याचा दाब वाढतो आणि कण एकमेकांपासून सुटतात. काही क्षणांसाठी वाळू घट्ट जमिनीसारखी न राहता दाट द्रवासारखी वागते. याला लिक्विफॅक्शन, म्हणजेच मातीचे द्रवीकरण म्हणतात.

जपानमधील निगाता शहरात १६ जून १९६४ रोजी ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा जगाला याचे चित्र प्रथमच इतके स्पष्ट दिसले. तिथल्या चार मजली सदनिकांच्या इमारती मोडल्या नाहीत, त्या अख्ख्याच्या अख्ख्या कलंडल्या. भिंती शाबूत होत्या, पण खालची जमीन आधार द्यायची थांबली होती. त्याच निगातात काही तेलटाक्यांखालची वाळू खोल कंपनाने आधीच घट्ट केलेली होती. तिथली हानी तुलनेने फारच कमी झाली.

खोल कंपनाचे तंत्र कसे चालते?

या तंत्राला व्हायब्रो कॉम्पॅक्शन म्हणतात. ते नवे नाही. १९३० च्या दशकात जर्मनीत योहान केलर कंपनीने ते विकसित केले आणि गेली आठ दशके ते जगभर वापरले जाते. दुबईतील पाम जुमेराह बेटासाठी सुमारे ९.४ कोटी घनमीटर वाळू टाकल्यानंतर ती याच पद्धतीने घट्ट करण्यात आली. सिंगापूरच्या चांगी विमानतळाजवळच्या भरावातही हे तंत्र वापरले गेले.

यंत्र दिसायला साधे आहे. क्रेनला पोलादी नळकांडे टांगलेले असते. ते दोन ते चार मीटर लांब आणि साधारण फूट-दीड फूट जाड असते. आत मोटर असते आणि एका बाजूला जड असलेले वजन मिनिटाला सुमारे दोन ते तीन हजार फेऱ्या घेते. त्यामुळे नळकांडे आडव्या दिशेने थरथरते. टोकातून जोराने पाणी सोडले जाते आणि स्वतःच्या वजनाने नळकांडे वाळूत उतरत जाते. लांबी वाढवण्यासाठी वर नळ्या जोडतात.

ठरलेल्या खोलीला पोहोचल्यावर खरे काम सुरू होते. नळकांडे अर्धा ते एक मीटर वर ओढायचे, तिथे साधारण अर्धा-एक मिनिट थांबून कंपन द्यायचे, पुन्हा वर ओढायचे. भोवतालची वाळू हलते, क्षणभर सुटी होते आणि अधिक दाटीने बसते. वाळू घट्ट होत जाते तसा मोटरवरचा भार वाढतो आणि विजेच्या मीटरवर ते दिसते. जमिनीवर खड्डा पडत जातो आणि त्यात वरून वाळू टाकत राहतात.

म्हणजे भूकंप जे काम एका मिनिटात, सगळीकडे आणि बांधकाम उभे असताना करील, तेच काम हे यंत्र आधी, एकेका ठिकाणी आणि जमीन मोकळी असताना करून घेते. वाळूला जे बसायचे ते आधीच बसवून घ्यायचे, हे या तंत्राचे सार आहे.

असे बिंदू साधारण दोन ते चार मीटर अंतरावर त्रिकोणी रचनेत घेतात. अंतर तीन मीटर धरले, तर एका हेक्टरमध्ये सुमारे १,३०० ठिकाणी नळकांडे उतरवावे लागते. कंपनानंतर सैल वाळूचा थर त्याच्या जाडीच्या ५ ते १० टक्के, कधी त्याहून जास्त खाली बसतो. १४ मीटरच्या थरात पाच टक्के म्हणजे ७० सेंटीमीटर. १,४४८ हेक्टरवर ७० सेंटीमीटर म्हणजे सुमारे एक कोटी घनमीटर. सैल भरावात एवढी पोकळी लपलेली असू शकते आणि ‘भराव पूर्ण’ या दोन शब्दांत तिचा पत्ता लागत नाही.

हे तंत्र कुठे चालत नाही?

स्वच्छ वाळूतच ते खरे उपयोगी पडते. वाळूत गाळ आणि चिकणमातीचे प्रमाण साधारण १० ते १५ टक्क्यांच्या वर गेले, की परिणाम झपाट्याने घटतो. चिकट गाळातून पाणी सहज निसटत नाही, त्यामुळे कण जवळ येऊ शकत नाहीत. अशा ठिकाणी दगडी खडीचे खांब, म्हणजे स्टोन कॉलम, किंवा उभ्या निचरा पट्ट्या टाकून जमिनीवर ओझे ठेवण्याची पद्धत वापरतात. नवी मुंबईच्या खाडीकाठी मऊ गाळाची जमीन आहे. तिथली प्रकृती वेगळी, म्हणून उपायही वेगळा.

भरावात एक छुपी अडचण असते. पाण्याबरोबर वाळू सोडली, की जाड कण पाइपाच्या तोंडाशी बसतात आणि बारीक गाळ वाहत लांबच्या टोकाला जाऊन साचतो. चांगल्या वाळूच्या मधोमध गाळाचे कप्पे तयार होऊ शकतात. वरून ते दिसत नाहीत. म्हणून वाळू कुठून आणली एवढे तपासून भागत नाही, ती जिथे पडली तिथेही तपासावी लागते.

कंपनानंतर वरचा मीटर-दीड मीटरचा थर सुटाच राहतो, कारण त्याच्यावर दाबायला काही नसते. तो शेवटी रोलरने घट्ट करावा लागतो. शेजारी जुन्या इमारती असतील तर हादऱ्यांचाही विचार करावा लागतो. समुद्रातल्या मोकळ्या भरावावर ही अडचण जवळजवळ नसते. बांधकाम उभे राहिल्यावर मात्र हे काम करणे अतिशय अवघड होते. म्हणूनच संधी एकदाच मिळते.

कोबेने काय शिकवले?

जपानचे कोबे हे १९९४ पर्यंत जगातील सर्वात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक होते आणि त्याचा मोठा भाग समुद्रातल्या भरावावर होता. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात तिथल्या पोर्ट आयलंड आणि रोको आयलंड या कृत्रिम बेटांवर जमिनीतून पाणी आणि वाळू उसळली. धक्क्याच्या अवजड काँक्रीट पेट्या समुद्राच्या दिशेने अनेक मीटर सरकल्या. क्रेन मोडल्या. सुधारणा न केलेला भराव अनेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आसपास खचला.

त्याच बेटांवर कंपनाने किंवा वाळूचे खांब ठोकून घट्ट केलेल्या जागाही होत्या. तिथली जमीन मोजके सेंटीमीटरच खचली. एकच शहर, एकच भूकंप, एकच भराव. फरक होता तो जमिनीवर आधी केलेल्या कामाचा.

बंदर पूर्ववत व्हायला सुमारे दोन वर्षे लागली. तोवर जहाजे दुसऱ्या बंदरांकडे वळली होती आणि कोबेला जागतिक क्रमवारीतले पूर्वीचे स्थान पुन्हा मिळाले नाही. जमिनीतल्या दोषाची किंमत केवळ दुरुस्तीच्या खर्चात मोजता येत नाही, ती व्यापार गमावण्यातही मोजावी लागते.

पाइल खडकापर्यंत नेल्या तर?

‘मोठी बांधकामे पाइलवरच असतात, मग वाळूवर खर्च कशाला,’ असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो अर्धाच खरा आहे. धक्का आणि मोठ्या इमारती पाइलवर उभ्या राहतात. पण कंटेनरचे आवार, रस्ते, गटारे, वीजवाहिन्या आणि अग्निशमनाचे पाणी नेणाऱ्या वाहिन्या जमिनीवर किंवा जमिनीतच असतात. बंदर चालते ते या सगळ्यांवर.

शिवाय पातळ झालेली वाळू जागच्या जागी राहत नाही. ती उताराकडे, म्हणजे बहुधा समुद्राकडे सरकते आणि वाटेतल्या पाइलना आडवा रेटा देते. भारतातले उदाहरण कांडल्याचे आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात कांडला बंदरातील सुमारे २२ मीटर उंचीचा पोर्ट आणि कस्टम्स कार्यालयाचा मनोरा एका बाजूला कलला. त्याच्याखाली पाइल होत्या. कलण्यामागे खालच्या जमिनीचे द्रवीकरण हे मुख्य कारण अभ्यासकांनी नोंदवले.

पालघरचे धक्के तर लहान आहेत?

डहाणू-तलासरी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्यातले मोठे धक्के चारच्या आसपास तीव्रतेचे होते. एवढ्या धक्क्याने वाळूचे द्रवीकरण सहसा होत नाही, त्यासाठी साधारण पाचहून अधिक तीव्रता लागते. त्यामुळे या मालिकेकडे बोट दाखवून घबराट पसरवण्यात अर्थ नाही.

पण बंदर पुढच्या शंभर वर्षांचा विचार करून बांधतात. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतील नकाशात हा परिसर तिसऱ्या भूकंपक्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतो. अशा क्षेत्रातल्या पाण्याखालच्या वाळूत द्रवीकरणाची शक्यता तपासावी, असे हेच मानक सांगते आणि ती तपासण्याची रीतही देते. आजवरचे धक्के लहान होते म्हणून पुढचाही लहानच असेल, असे गृहीत धरून कोणताही जबाबदार अभियंता आराखडा करणार नाही.

घट्ट झाले हे कसे कळते?

मोजून. दोन चाचण्या प्रचलित आहेत. पहिलीत ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून टाकून नळी जमिनीत ठोकतात आणि ती ३० सेंटीमीटर आत जायला किती घाव लागले ते मोजतात. मानकानुसार तिसऱ्या ते पाचव्या भूकंपक्षेत्रात पाच मीटर खोलीपर्यंत १५ आणि दहा मीटरखाली २५ हा दुरुस्त करून काढलेला आकडा किमान अपेक्षित आहे.

दुसरी चाचणी अधिक नेमकी आहे. शंकूच्या टोकाची सळई सेकंदाला दोन सेंटीमीटर या ठराविक वेगाने जमिनीत दाबतात आणि किती विरोध होतो याची सलग नोंद घेतात. कंपनाच्या आधीचा आणि नंतरचा आलेख शेजारी ठेवला, की काम झाले की नाही हे सामान्य माणसालाही दिसते. गाळाचा कप्पा असेल तर आलेख तिथे एकदम घसरतो. मात्र ही चाचणी घाईने करून चालत नाही. कंपनानंतर वाळूची ताकद काही दिवस, काही आठवडे वाढत राहते. शंख-शिंपल्यांचा चुरा जास्त असेल तर आलेखाचा अर्थ लावतानाही काळजी घ्यावी लागते.

मग काय व्हायला हवे?

वाढवणला कोणत्या भागात कोणती पद्धत वापरायची, हे तिथली वाळू, तळाचा खडक आणि वर येणारे ओझे पाहून अभियंत्यांनीच ठरवायचे आहे. प्रत्येक हेक्टरवर खोल कंपन हवेच असेही नाही. हिरवळीच्या पट्ट्याला आणि कंटेनरच्या आवाराला एकच निकष लावणे हा पैशाचा अपव्यय ठरेल. लोकांचा आग्रह पद्धतीसाठी असू नये, तो निकालासाठी असावा.

पहिली गोष्ट, भरावाचे काम किती झाले हे घनमीटरवर किंवा हेक्टरवर मोजून भागणार नाही. ‘इतके हेक्टर भरले’ याच्या शेजारी ‘त्यातले इतके हेक्टर चाचणीत उतरले’ हा आकडा हवा. ठेकेदाराचे पैसेही त्या दुसऱ्या आकड्याशी जोडलेले हवेत. ओतलेल्या वाळूचे पैसे मिळत राहिले आणि घट्टपणा नंतर पाहू असे झाले, की वेळेचा ताण येताच पहिली काटछाट जमिनीखालच्या कामातच होते, कारण ते कोणाला दिसत नाही.

दुसरी गोष्ट, चाचणी करणारी संस्था ठेकेदाराने नेमलेली नसावी. ज्याने पेपर लिहिला त्यानेच तो तपासायचा, ही रीत शाळेतही चालत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालये आणि आयआयटी मुंबईसारख्या संस्था जवळच आहेत. चाचणीच्या जागा ऐनवेळी त्यांनी निवडाव्यात.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे आलेख प्रसिद्ध करावेत. भरावाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा आधीचा आणि नंतरचा आलेख संकेतस्थळावर टाकायला फारसा खर्च येत नाही. ‘तांत्रिक माहिती लोकांना कळत नाही’ हे कारण टिकणारे नाही. ती सगळ्यांना कळण्याची गरज नाही. राज्यातल्या शंभर अभियंत्यांनी आणि प्राध्यापकांनी ती पाहिली तरी पुरे. ‘व्यापारी गोपनीयता’ हेही कारण इथे लागू पडत नाही. वाळूच्या घट्टपणात कोणाचे व्यापारी गुपित नसते आणि प्रकल्पाची मालकी दोन सार्वजनिक संस्थांकडे आहे.

यावर खर्च आणि वेळ वाढेल, हा आक्षेप घेतला जाईल. वेळ थोडा लागेल, हे खरे आहे. पण खोल कंपनात सिमेंट लागत नाही, पोलाद जमिनीत गाडावे लागत नाही, लागते ती वीज किंवा इंधन, पाणी आणि तीच वाळू. जमीन सुधारण्याच्या पद्धतींमध्ये ती स्वस्तांपैकी गणली जाते. धक्का बांधून झाल्यावर त्यामागची जमीन खचू लागली, तर तिथे करावी लागणारी दुरुस्ती याच्या कितीतरी पट महाग पडते आणि बंदर बंद ठेवावे लागते ते वेगळेच.

महाराष्ट्राला भरावाचा अनुभव जुना आहे. मुंबईची सात बेटे जोडली गेली ती दगड, मुरूम आणि मातीच्या भरावाने. त्या काळी घट्टपणा मोजायची साधने नव्हती. आज ती आहेत, मानक आहे, तंत्र जुने आणि पारखलेले आहे. समुद्राचा एवढा मोठा तुकडा घेताना, ज्या मच्छीमारांची मासेमारीची जागा त्यात जाणार आहे आणि ज्या करदात्यांचा पैसा त्यात पडणार आहे, त्यांना त्या वाळूचा चाचणी अहवाल मागण्याचा हक्क आहे. तो मागण्याची वेळ भराव टाकला जात असतानाची आहे. वर काँक्रीट पडल्यावर त्या अहवालाचा उपयोग चौकशीपुरताच उरेल.